यूएसबी कॅप्चर डिव्हाइस: यंत्र चालेल, सोबतचे सॉफ्टवेअर नको

बहिणीच्या १९९३ सालच्या लग्नाची व्हीएचएस कॅसेट संगणकावर उतरवण्यासाठी मी नुकतेच एक स्वस्तातले यूएसबी कॅप्चर डिव्हाइस मागवले. बोटभर लांबीच्या या डबीच्या एका टोकाला यूएसबी आणि दुसऱ्या टोकाला पिवळी, पांढरी व लाल पिन, तसेच एस-व्हिडिओचे (चित्रातला रंग व उजेड वेगवेगळ्या तारांतून नेणाऱ्या जोडणीचे) सॉकेट आहे. घरगुती व्हीसीआरला बहुधा एस-व्हिडिओ नसतेच, त्यामुळे पिवळ्या पिनेवरच काम भागवावे लागते. सात कॅसेट उतरवून झाल्यावर माझे मत असे आहे की या किमतीला यंत्र वाईट नाही, मात्र सोबत मिळणारे सॉफ्टवेअर वापरू नये.

सुरुवातीलाच चित्र कृष्णधवल आणि वरखाली सरकणारे दिसले, तेव्हा मी व्हीसीआरला दोष देऊन त्याचे टेप वाचणारे हेड दोनदा पुसले. प्रत्यक्षात सॉफ्टवेअरमध्ये एनटीएससी ही अमेरिकेतली टीव्ही-सिग्नलची पद्धत निवडलेली होती आणि आपल्याकडच्या कॅसेट पाल पद्धतीच्या असतात. सेटिंगमध्ये पाल-बी निवडताच रंग आले. माहितीपत्रकात याचा उल्लेखही नाही.

खरी तक्रार मात्र ‘सर्वोत्तम’ नावाच्या सेटिंगबद्दल आहे. ते निवडले की चित्रीकरण थेट डीव्हीडीच्या एमपीईजी-२ स्वरूपात दाबले (कॉम्प्रेस केले) जाते. व्हीएचएसच्या चित्रात मुळातच सतत हलणारी खरखर असते आणि दाबणाऱ्या सॉफ्टवेअरला ती खरखर व खरा तपशील यांतला फरक कळत नाही, त्यामुळे अंतरपाट दूर होऊन अक्षता उधळल्या जातात त्या क्षणी पडदाभर चौकोनी ठोकळे दिसू लागतात.

म्हणून मी हेच यंत्र व्हर्च्युअलडब या मोफत सॉफ्टवेअरला जोडले. ७२० बाय ५७६ आकार, सेकंदाला २५ फ्रेम, रंगांसाठी वाययूवाय२, दाबण्यासाठी चित्राची हानी न करणारे हफवाययूव्ही आणि आवाजासाठी ४८,००० हर्ट्झ, १६ बिट, न दाबलेला पीसीएम, अशी सेटिंग ठेवली. मुळीच न दाबलेल्या अशा चित्रणाला तासाला सुमारे ७५ जीबी लागतात आणि हफवाययूव्हीत ते साधारण निम्म्यावर येते. जागा पुष्कळ लागते हे खरे, पण ती कामापुरतीच. अंतिम प्रत तयार झाल्यावर ही मोठी फाइल ठेवायची की नाही, ते ठरवता येते.

सोबतचे सॉफ्टवेअर इंटरलेसिंगही कॅप्चर करतानाच काढून टाकते. पालच्या एका फ्रेममध्ये दोन वेगवेगळ्या क्षणांची अर्धी-अर्धी चित्रे एकाआड एक ओळींत गुंफलेली असतात, म्हणजे सेकंदाला ५० क्षण. त्यातले निम्मे फेकून दिले की हालचाल अडखळते आणि गेलेले क्षण पुन्हा मिळत नाहीत. संगणकावर चित्र थांबवले की बहिणीच्या हलत्या मुंडावळ्यांना कंगव्यासारखे दात दिसतात. तो बिघाड नव्हे. कॅप्चर आहे तसे ठेवावे आणि नंतर निवांतपणे क्यूटीजीएमसीसारख्या इंटरलेसिंग काढणाऱ्या फिल्टरने सेकंदाला ५० फ्रेमची एमपी४ प्रत करावी. चित्राच्या तळाशी थरथरणारी पट्टीही व्हीसीआर वाचताना एका हेडवरून दुसऱ्या हेडवर जातो त्यामुळे येते. तीही त्याच वेळी झाकावी.

उजेडाची पातळी मात्र आधीच पाहावी लागते. व्हिडिओवाल्याच्या प्रखर दिव्याखाली शालूची जर नुसता पांढरा पट्टा होऊन गेली होती. व्हर्च्युअलडबचा हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) सुरू करून ब्राइटनेस व कॉन्ट्रास्ट थोडे उतरवल्यावर पदरावरचे मोर दिसू लागले.

यंत्राच्या दोन उणिवा उरतातच. टेपचा सुरकुतलेला भाग आला की सिग्नल डळमळतो, फ्रेम गळतात आणि आवाज पुढेमागे होतो. त्यावर खरा उपाय टाइम बेस करेक्टर (डळमळता सिग्नल स्थिर करणारे उपकरण) हाच, आणि तो या डबीत नाही. शिवाय डबी तासाभरात चांगलीच तापते, म्हणून मी दोन कॅसेटांमध्ये तिला अर्धा तास विश्रांती देतो. बुरशी धरलेली कॅसेट मात्र आधी साफ करून घेतल्याशिवाय व्हीसीआरमध्ये घालू नये. माझी आठवी कॅसेट त्याच कारणाने अजून बाजूला पडून आहे.