धावण्याची जैवयांत्रिक तपासणी : अहवाल जाडजूड, उपयोगी आकडा एकच

सहा-सात किलोमीटर झाले की उजव्या गुडघ्याच्या वाटीमागे दुखू लागायचे, विश्रांती घेतली की थांबायचे आणि पुन्हा धावायला लागलो की परत हजर व्हायचे. म्हणून एका केंद्रात धावण्याची जैवयांत्रिक तपासणी करून घेतली. केंद्राचे नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे तक्रारही आहे.

मोजणी मात्र मनापासून आवडली. कंबर, मांडी, गुडघा, नडगी आणि घोट्यावर प्रकाश परावर्तित करणारे छोटे गोळे चिकटवतात, भोवतालचे इन्फ्रारेड कॅमेरे त्यांची हालचाल टिपतात आणि ट्रेडमिलच्या पट्ट्याखालचे बलमापक प्रत्येक पावलाचा जोर नोंदवतात. धावताना हा जोर शरीराच्या वजनाच्या साधारण 2 ते 3 पट असतो. हालचाल आणि जोर दोन्ही हाती आले की न्यूटनच्या नियमांनी उलटे गणित मांडून कोणत्या सांध्यावर किती पीळ येतो हे काढता येते, आणि त्यासाठी गुडघ्याला सुईसुद्धा टोचावी लागत नाही.

चित्रण संथ गतीने पाहिले तेव्हा दुखण्याचा उलगडा होऊ लागला. माझे पाऊल शरीराच्या बरेच पुढे, गुडघा जवळजवळ ताठ असताना टेकत होते. म्हणजे दर पावलाला मी स्वतःलाच थोडा ब्रेक लावत होतो. मिनिटाला पावले पडत होती 158. धावण्याचा वेग तोच ठेवून पावलांची संख्या 5 ते 10 टक्क्यांनी वाढवली, तर पाऊल आखूड होऊन शरीराच्या जवळ टेकते आणि गुडघ्यावरचा भार घटतो, हे संशोधनातून दिसलेले आहे. मी मेट्रोनोम (ठरावीक लयीत टिकटिक करणारे साधन) 168 वर लावून धावू लागलो. सुरुवातीला पोटऱ्या भरून यायच्या, पण दीड महिन्यात गुडघ्याची कुरकुर जवळपास थांबली.

आता तक्रार. अहवालात ‘सपाट तळवा’ या नोंदीपुढे लाल खूण होती आणि तिच्या आधारे लगेच महागडे इनसोल, म्हणजे बुटात घालायचे आतले तळ, पुढे करण्यात आले. तळव्याच्या कमानीवरून बूट ठरवून दिल्याने दुखापती कमी होतात का, हे अमेरिकी सैन्यातील नवप्रशिक्षितांवर तपासले गेले आहे आणि तसा लाभ आढळला नाही. डाव्या-उजव्या पायातील किरकोळ फरकही लाल रंगात दाखवला होता. दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या असलेला माणूस मला तरी अजून भेटायचा आहे. शिवाय ते गोळे हाडावर नव्हे, कातडीवर असतात आणि मांडीचे मांस धावताना हलते, त्यामुळे सांध्यांच्या कोनात काही अंशांची चूक गृहीतच धरावी लागते. याचा अहवालात उल्लेखही नव्हता.

याहून मोठी उणीव म्हणजे, मी आठवड्याला किती धावतो हे कोणी विचारलेच नाही. महिन्याभरात मी अंतर जवळपास दुप्पट केले होते. हाड आणि कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारा दोर) भाराला सरावतात, पण त्यासाठी मध्ये उसंत लागते. जर्मन शल्यचिकित्सक जुलियस वोल्फ यांनी 1892 मध्येच हाड भारानुसार घडत जाते असे मांडले होते. काही मिनिटांच्या चित्रणात हजारो पावलांचा साठत गेलेला ताण दिसत नाही. तो ताण प्रश्न विचारूनच कळतो.

तेच दुखणे वारंवार परतत असेल, तर ही तपासणी जरूर करावी. जाताना गेल्या दोन-तीन महिन्यांची धावण्याची नोंदवही सोबत न्यावी आणि ती तज्ज्ञांना आग्रहाने दाखवावी. काहीच दुखत नसेल, तर निव्वळ कुतूहलापोटी जाऊ नये. इनसोल मी घेतले नाहीत.