‘स्वच्छ’ची दारोदार कचरासेवा : एका खजिनदाराचा अभिप्राय

पुण्यात नव्याने राहायला आलेल्या माणसाला एक गोष्ट हमखास बुचकळ्यात पाडते. घरातला कचरा न्यायला येणाऱ्या ताईंना महिन्याचे पैसे महापालिका देत नाही, ते ज्याचे त्याने द्यायचे असतात. मालमत्ता कर भरूनही हे वेगळे पैसे कशासाठी, असा प्रश्न आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत कोणी ना कोणी उपस्थित करतोच. खजिनदार या नात्याने त्याचे उत्तर मला द्यावे लागते, आणि नोकरीची सगळी वर्षे अर्थशास्त्र शिकवण्यात गेल्यामुळे ते जरा लांबते. ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या सेवेवरचा हा अभिप्राय लिहिताना सेवा कशी आहे एवढेच सांगून मला थांबता येत नाही, कारण ही सेवा जशी आहे तशी का आहे, याचे उत्तर ती करणाऱ्यांच्या मजुरीच्या रचनेत आहे.

आधी सेवेविषयी. सकाळी दोघीजणी ढकलगाडी घेऊन येतात, दारातून ओला आणि सुका कचरा वेगवेगळा घेतात, खाली पार्किंगच्या कडेला सुका कचरा निवडतात, आणि ओला कचरा फीडर पॉइंटवर, म्हणजे महापालिकेची गाडी थांबते त्या ठरलेल्या जागी, गाडीत रिकामा करतात. एखादी गावाला गेली तर बदली बाई कोण येणार हे त्या आपसांत ठरवून जातात. गणपती आणि दिवाळीच्या दिवसांत, जेव्हा प्रत्येक घरातून थर्माकोल, खोकी आणि निर्माल्य यांचा पूर लोटतो, तेव्हाही आमच्या इमारतीत कचरा साठून राहिला नाही. याआधी आम्ही एका खासगी ठेकेदाराकडून हे काम करून घेत होतो. त्याची माणसे दर काही महिन्यांनी बदलत, सगळा कचरा एकाच पिंपात कोंबला जाई, आणि त्या मुलांच्या हातात नेमके किती पैसे पडतात याचा पत्ता आम्हाला कधी लागला नाही. आम्ही ठेकेदाराला देत होतो ती रक्कम आणि मजुरांना मिळणारी रक्कम यांतली दरी त्याने कधी दाखवली नाही, आणि आम्हीही विचारली नाही.

‘स्वच्छ’च्या रचनेत ही दरी जवळजवळ नाहीशी होते. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना १९९३ मध्ये पुण्यात उभी राहिली, आणि तिच्यातूनच ‘स्वच्छ’चा जन्म झाला. २००८ मध्ये या सहकारी संस्थेचा पुणे महापालिकेशी करार झाला. तोवर याच बाया रस्त्यावरच्या कचराकुंडीत वाकून, कुत्र्यांशी आणि एकमेकींशी स्पर्धा करत, विकण्याजोगा माल काढत होत्या. कराराने त्यांना कुंडीपासून दारापर्यंत आणले. देखरेख, प्रशिक्षण आणि साधने यांचा भार महापालिकेने उचलावा आणि कामाचा मोबदला घरोघरच्या शुल्कातून यावा, अशी साधारण मांडणी आहे. दारातच वेगळा झालेला आणि वाटेतच विकला गेलेला प्रत्येक किलो कचरा वाहून नेण्याचा खर्च पालिकेचा वाचतो, आणि उरुळी देवाची व फुरसुंगीच्या ज्या गावकऱ्यांनी पुण्याचा कचरा वर्षानुवर्षे सोसला आणि त्याविरुद्ध आंदोलने केली, त्यांच्या माथ्यावरचे ओझेही तेवढ्याने कमी होते. सभेतल्या त्या प्रश्नाचे उत्तर इथे आहे. करातून गाड्या आणि प्रक्रिया प्रकल्प चालतात, तर दारापर्यंत येण्याची आणि निवडण्याची मजुरी शुल्कातून निघते. हे शुल्क एका कुटुंबामागे इतके कमी आहे की उडप्याकडे दोघांनी न्याहारी केली तर बिल त्याहून जास्त होते.

पण शुल्क हा त्यांच्या कमाईचा एकच भाग. दुसरा भाग भंगाराचा, आणि तो कसा मिळतो हे एकदा पार्किंगमध्ये उभे राहून पाहण्यासारखे आहे. आमच्याकडे येणाऱ्या ताई श्रीखंडाचा डबा उघडून उरलेले बोटाने निपटतात, झाकण एका गोणीत आणि डबा दुसऱ्या गोणीत टाकतात, कारण दोन्हींचे प्लास्टिक वेगळे आणि भावही वेगळा. दुधाच्या पिशव्या झटकून चळत करतात. पुठ्ठा कोरडा असला तर वेगळा ठेवतात, पावसात भिजला असला तर नाक मुरडतात, कारण भंगारवाला ओल्या पुठ्ठ्याचे वजन धरताना हात आखडता घेतो. वेफर्स आणि बिस्किटांची चकचकीत वेष्टने मात्र सरळ बाजूला जातात. त्यांना कोणी विचारत नाही. वजनाने सगळ्यांत जड तो ओला कचरा, आणि आंब्याच्या दिवसांत तर बादली उचलवत नाही, पण त्यातून त्यांना एक पैसा सुटत नाही. म्हणजे सर्वांत कष्टाच्या भागाची मजुरी केवळ आपल्या शुल्कातून निघते. जो शेजारी ‘तिला भंगार मिळतेच की, वर पैसे कशाला’ असे म्हणतो, त्याने ही बादली एकदा चौथ्या मजल्यावरून खाली आणून दाखवावी.

भंगाराच्या कमाईत आणखी एक खोच आहे. माल विकायचा तो रोजच्या रोज, कारण साठवायला जागा नाही, आणि विकायचा तो जवळच्याच दुकानात, कारण ढकलगाडी फार लांब जात नाही. विकणाऱ्या अनेक आणि घेणारा एक, अशी ही बाजारपेठ. अर्थशास्त्रज्ञ जोन रॉबिन्सन यांनी १९३३ मध्ये श्रमबाजाराच्या संदर्भात अशाच एकमेव ग्राहकाच्या सत्तेची चर्चा केली. कारखाना एकच असलेल्या गावात मालक मजुरी पाडून ठेवू शकतो, तसा एकटा भंगारवाला भाव पाडू शकतो. शिवाय वर कुठेतरी जगाच्या बाजारात कागदाचा भाव घसरला की त्याचा फटका पुण्याच्या पार्किंगपर्यंत येतो. २००८ च्या अखेरीस मंदीत भंगाराचे भाव कोसळले होते, तेव्हा वेचणाऱ्यांचे काम तेवढेच राहिले आणि कमाई मात्र आटली. बाजारातल्या चढउताराची जोखीम सर्वांत कमी पुंजी असलेल्या माणसाने वाहायची, हा या रचनेतला मला सर्वांत खटकणारा भाग आहे. नियमित शुल्काचे खरे मोल इथे कळते: मजुरीचा जेवढा हिस्सा शुल्कातून येतो तेवढा हिस्सा भंगाराच्या भावाच्या हेलकाव्यांतून सुटतो.

मजुरीचे पाठ्यपुस्तक उघडले तर या कामाला भरपूर पैसे मिळायला हवेत. अ‍ॅडम स्मिथने १७७६ मध्येच मांडून ठेवले की काम जितके किळसवाणे, धोक्याचे किंवा अप्रतिष्ठेचे, तितकी त्याची मजुरी जास्त असायला हवी, नाहीतर ते करायला कोण येईल? जॉन स्टुअर्ट मिलने १८४८ मध्ये त्यावर बोट ठेवले की प्रत्यक्षात उलटे दिसते. सर्वांत नकोशी कामे सर्वांत कमी पैशात होतात, कारण ती करणाऱ्यांना दुसरा पर्यायच नसतो. आपल्याकडे तो पर्याय का नसतो, याचे उत्तर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ मध्ये दिले: जात म्हणजे नुसती श्रमाची विभागणी नव्हे, ती श्रमिकांची विभागणी आहे. पुण्यातल्या कचरावेचकांत बहुसंख्य दलित समाजांतल्या स्त्रिया आहेत, हा योगायोग नव्हे. शहरात एकाच कचऱ्यावर तीन तऱ्हांचे कामगार राबतात. महापालिकेचे कायम सफाई कामगार वेतन आयोगाच्या श्रेणीत आहेत, ठेकेदाराकडचे कामगार ठेक्याच्या मुदतीपुरते आहेत, आणि वेचक शुल्क व भंगार यांवर आहेत. हातातले काम बरेचसे तेच, पण दाम मात्र तुम्ही कोणत्या दाराने आत शिरलात यावर ठरतो. तिसऱ्या दाराने बहुतेक बायाच येतात; गाडीच्या स्टिअरिंगवर मात्र मला आजवर पुरुषच दिसले.

ज्यांना मालकच नाही त्यांनी संघटना करायची ती कोणाविरुद्ध, हा प्रश्न मला विद्यार्थी नेहमी विचारत. कष्टकरी पंचायतीने दिलेले उत्तर माझ्या मते पुण्याने देशाला दिलेल्या मोजक्या चांगल्या कल्पनांपैकी एक आहे. पगारवाढ मागायला मालक नव्हता, म्हणून संघटनेने आधी ओळख मागितली. महापालिकेची मान्यता असलेले ओळखपत्र मिळाल्यावर पोलिसांचा आणि रखवालदारांचा जाच कमी झाला. मग वैद्यकीय विम्याची मागणी आली, पतसंस्था आली, आणि शेवटी कामावरचाच हक्क मागितला गेला. संघटना महापालिकेशी भांडते आणि सहकारी संस्था महापालिकेसाठी काम करते, ही दुहेरी रचना कागदावर अवघड वाटते, पण करार संपत आला की तिचे महत्त्व दिसते. मुदतवाढीच्या वेळी मोठ्या ठेकेदारांची चर्चा डोके वर काढते, आणि अशा वेळी रस्त्यावर उतरायला फक्त सेवा पुरवणारी संस्था पुरी पडत नाही. दुसऱ्या बाजूने, सभासद हा नोकरदार नसल्यामुळे किमान वेतन, भविष्यनिर्वाह निधी आणि ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) हे नोकरीला बांधलेले हक्क त्याला आपोआप लागू होत नाहीत. स्वतःची मालकी मिळाली, पण मालकाकडून मिळणारे संरक्षण गेले. हा दोष मी संस्थेच्या माथी मारणार नाही. शहर ज्या कामावर उभे आहे त्याचा मोबदला शहराने घरोघरच्या मर्जीवर सोडला, हा निर्णय धोरणाचा आहे.

घरोघरची मर्जी म्हणजे काय, हे आमच्याच सोसायटीत पाहायला मिळते. आमच्याकडे बराच काळ ‘लिफ्टचा वापर फक्त रहिवाशांनी करावा’ अशी पाटी होती. वाण्याचा मुलगा, कुरिअरवाला आणि पाळीव कुत्री यांनी ती कधी मनावर घेतली नाही. ती लागू व्हायची ती फक्त कचरा नेणाऱ्यांना. मी ताईंना विचारले, तर त्या म्हणाल्या, “काका, बाकीच्या सोसायट्यांत तर पाणीपण बाटलीत लांबून ओततात. तुमच्याकडं निदान नळ हाय.” अर्थशास्त्रज्ञ गॅरी बेकर यांनी १९५७ मध्ये भेदभावाचे अर्थशास्त्र मांडताना म्हटले की भेदभाव करणारा आपल्या पूर्वग्रहासाठी किंमत मोजतो, आणि खुल्या स्पर्धेत अशा मालकाचा धंदा मागे पडायला हवा. आमच्या जिन्यात हे गृहीतक पार उताणे पडते. पूर्वग्रह आमचा, आणि त्याची किंमत, म्हणजे सकाळचा वाढलेला वेळ आणि दुखणारे गुडघे, ताईंची. त्या वेळात त्या शेजारच्या इमारतीतली आणखी घरे करू शकल्या असत्या. म्हणजे ती पाटी त्यांच्या मजुरीतून दर महिन्याला कापली जाणारी रक्कमच होती. फक्त पावती कोणी फाडत नव्हते.

सभेत हा विषय काढला तेव्हा कोणीही जातीचे नाव घेतले नाही. सगळे वासाविषयी बोलले. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांचा २००७ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास मला त्या वेळी आठवला. वर्तमानपत्रांतल्या खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले, फक्त आडनावे बदलली, तर दलित आणि मुस्लिम नावांच्या अर्जांना पुढचे बोलावणे येण्याची शक्यता कमी निघाली. तिथेही कोणी जात विचारली नव्हती. झाकणाच्या बादल्या आणि लिफ्टमध्ये रबरी चटई एवढ्यावर आमची पाटी अखेर निघाली, आणि बादल्यांचा खर्च सोसायटीने केला. त्या सभेत सर्वांत जोरात विरोध करणारे गृहस्थ निवृत्त कामगार अधिकारी आहेत, हे नमूद केल्यावाचून राहवत नाही.

शुल्क कसे द्यावे, याबाबत माझा ठाम सल्ला आहे: सोसायटीने देखभाल खर्चातून एकरकमी द्यावे. दारोदार मागायला लावले की महिन्याच्या पहिल्या आठवड्यात निम्मी दारे ‘उद्या या’ म्हणतात, आणि प्रत्येक ‘उद्या’ हा त्यांच्या कामाचा फुकट गेलेला वेळ असतो. एकरकमी देण्यात एक धोकाही आहे. पैसे एकाच्या हातात आले की तो मुकादमासारखा वागू लागतो, आणि ‘परवा आल्या नव्हत्या, तेवढे कापा’ अशा सूचना चिठ्ठ्यांवर येऊ लागतात. म्हणून आम्ही ठरावातच लिहून घेतले आहे की बदली आलेली असेल तर कपात नाही, रिकाम्या सदनिकेचेही शुल्क जाईल, आणि रक्कम महिन्याच्या पाच तारखेच्या आत पोहोचेल. डायपर व सॅनिटरी पॅड वर्तमानपत्रात गुंडाळून लाल ठिपका काढूनच द्यायचे, हा नियम त्याच ठरावात आहे. ‘स्वच्छ’ने कितीतरी वर्षे यासाठी मोहीम चालवली आहे, आणि ज्या हातांनी निवडायचे असते त्यांच्या दृष्टीने हा ठिपका दिवाळीच्या पोस्तापेक्षा मोलाचा आहे.

सेवेला मी पाचपैकी साडेचार तारे देईन, आणि उरलेला अर्धा तारा आम्ही ग्राहकांनी खाल्ला असे समजावे. २०१७ आणि २०२१ मध्ये महापालिकेत आलेल्या गावांत राहत असाल, तर ही सेवा तुमच्या गल्लीत आहे की नाही याची चौकशी आधी जवळच्या आरोग्य कोठीत (महापालिकेच्या सफाई विभागाच्या स्थानिक चौकीत) करावी, आणि तिथे दाद लागली नाही तर क्षेत्रीय कार्यालयात. बिल्डरने सोसायटी हस्तांतरित करताना एखादा खासगी ठेकेदार गळ्यात मारलाच, तर करारावर सही करण्यापूर्वी कामगारांच्या हातात पडणारी रक्कम, सुट्ट्या आणि बदलीची व्यवस्था हे तिन्ही त्याच्याकडून लेखी घ्यावे.