स्नायू दाखवणारा वजनकाटा: सांधेरोपणाची वाट पाहणाऱ्या रुग्णाला कितपत उपयोगी?

गुडघ्याच्या सांधेरोपणाआधी वजन कमी करा, असे डॉक्टरांनी सांगितल्यावर मी एकाहत्तर वर्षांच्या आईसाठी चरबी आणि स्नायू वेगवेगळे दाखवणारा वजनकाटा घेतला. चार महिन्यांच्या रोजच्या वापरानंतर हे परीक्षण लिहीत आहे. कंपनीचे नाव देण्याचे कारण वाटत नाही, कारण पायांखाली धातूच्या पट्ट्या असलेल्या या प्रकारच्या काट्यांचे तत्त्व एकच आहे आणि मर्यादाही त्याच तत्त्वातून येतात.

काट्यावर अनवाणी उभे राहिले की अतिशय क्षीण विद्युत्प्रवाह एका पायातून वर जाऊन दुसऱ्या पायातून खाली येतो. स्नायूंमध्ये पाणी भरपूर असल्यामुळे तेथून तो सहज वाहतो, चरबीत अडतो. या अडथळ्याला उंची, वय आणि लिंग यांची जोड देऊन बाकीचे सगळे आकडे सूत्राने काढले जातात. पेसमेकर असलेल्या व्यक्तीने हा काटा वापरायचा नसतो. ही सूचना माहितीपुस्तिकेत अगदी शेवटी, बारीक अक्षरांत दिली होती, ही माझी पहिली तक्रार.

तरीही काटा घेतल्याचा पश्चात्ताप होत नाही. सहा आठवड्यांत आईचे वजन 78 किलोवरून 74 वर आले तेव्हा घरात सगळे खूश होते. अॅपमधल्या आलेखात मात्र चरबीबरोबर स्नायूंची रेषाही उतरत होती. आईने जेवण जवळजवळ निम्म्यावर आणले होते आणि दुखण्यामुळे चालणे बंद पडले होते. साधा काटा असता तर आम्ही चार किलोंचे कौतुक करून थांबलो असतो. फिजिओथेरपिस्ट बाईंना आलेख दाखवला तेव्हा ‘सार्कोपेनिक ओबेसिटी’ हा शब्द पहिल्यांदा कानावर पडला: अंगावर चरबी जास्त, पण तिच्याआड स्नायूंचे प्रमाण आणि ताकद कमी. बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, हे सांगणारा आकडा) 31 असलेल्या बाईला कोणी अशक्त म्हणत नाही, आणि फसगत तिथेच होते.

बाईंनी आलेख बाजूला ठेवून आधी ताकद तपासली. ईस्पेन आणि ईएएसओ या अनुक्रमे पोषण आणि लठ्ठपणा या विषयांवरील युरोपीय संस्थांनी 2022 मध्ये मांडलेल्या निकषांतही क्रम हाच आहे: प्रथम ताकद व हालचाल, मग शरीरघटकांचे मोजमाप. हातांची घडी घालून खुर्चीतून पाच वेळा उठून बसायला आईला 21 सेकंद लागले; आशियाई तज्ज्ञगटाच्या 2019 च्या निकषानुसार 12 किंवा त्याहून अधिक सेकंद लागले तर हालचालीची क्षमता कमी समजतात. पण ज्याचा गुडघाच झिजला आहे तो वेदनेमुळे हळू उठतो की स्नायू कमजोर म्हणून, हे खुर्ची सांगू शकत नाही. म्हणून त्यांनी हाताची पकड मोजली. ती 15 किलो भरली, आणि त्याच गटाने स्त्रियांसाठी ठेवलेली किमान मर्यादा 18 किलो आहे. गुडघ्याच्या रुग्णाच्या बाबतीत ही एक मोजणी मला काट्याच्या डझनभर आकड्यांपेक्षा मोलाची वाटली.

काट्याच्या आकड्यांचा लहरीपणा अनुभवाने कळला. संध्याकाळी आईच्या घोट्यांवर सूज असली की स्नायू सकाळपेक्षा दीड किलो जास्त दिसत. पायात साठलेले पाणी काटा स्नायूंच्याच खात्यात जमा करत होता. टाचा कोरड्या पडलेल्या असल्या की आकडा येतच नसे. सकाळी, लघवीला जाऊन आल्यावर आणि काही खाण्यापूर्वी मोजायला लागल्यापासून आलेख स्थिरावला, पण मी आठवड्याची सरासरीच धरतो. शिवाय अशा काट्यांवर ‘स्नायू’ म्हणून जो आकडा येतो त्यात बहुधा चरबी आणि हाडे वगळून उरलेले सारे काही धरलेले असते. डेक्सा या क्ष-किरण तपासणीत हातापायांच्या स्नायूंचा अंदाज वेगळा मिळतो, तशी अपेक्षा येथे ठेवू नये. आणि ‘शरीराचे वय 83’ हा आकडा तर अॅपमधून काढूनच टाकावा. तो पाहून आई दोन दिवस काट्यावर चढली नाही.

मूत्रपिंडाच्या तपासण्या ठीक आल्यावर आहारतज्ज्ञांनी दर किलो वजनामागे रोज 1 ते 1.2 ग्रॅम प्रथिने ठरवून दिली, आणि रबरी पट्टा लावून बसल्या बसल्या गुडघा सरळ करण्याचा व्यायाम सुरू झाला. वजन आता सावकाश उतरते आहे. पकड 17 किलोपर्यंत आली. काट्यावरची स्नायूंची रेषा मात्र जेमतेम हलली आहे. अडीच महिन्यांत ताकद वाढली तरी आकारमान तितके वाढतेच असे नाही, असे बाई म्हणाल्या.

शस्त्रक्रियेची तारीख पुढच्या महिन्यात आहे. त्यानंतर आईच्या एका पायात धातूचा सांधा असेल आणि काट्याचा प्रवाह त्याच पायातून जाणार असल्यामुळे आधीच्या आणि नंतरच्या आकड्यांची तुलना करता येणार नाही. पकड मोजणारे यंत्र त्यासाठी आत्ताच घेऊन ठेवले आहे.