लिव्हरचं ‘कवच’ विकणाऱ्यापासून सावध

सॉल्व्हेंटमध्ये काम करणाऱ्यांनी हे जरूर वाचा. आमच्या विभागात कृत्रिम चामड्यावर लेप चढवताना डीएमएफ (डायमिथाइलफॉर्मामाइड) हे सॉल्व्हेंट, म्हणजे द्रावक, वापरतात. ते श्वासातून जातं, कातडीतूनही शिरतं आणि लिव्हर बिघडवतं. ही भीती हेरूनच एक विक्रेता जेवणाच्या सुट्टीत येऊ लागला. “सकाळी एक कॅप्सूल घ्या, दिवसभर केमिकल लिव्हरला शिवणार नाही.” आत काय, तर सिलिमारिन (मिल्क थिसल या वनस्पतीचा अर्क) आणि कसलेसे ‘दुर्मिळ अर्क’.

त्याच्याकडे रंगीत तक्ता होता. एका उंदराचं लिव्हर खराब, औषध दिलेल्याचं ठणठणीत. तक्ता खराही असेल, लबाडी पुढे होती. डॉक्टरांनी नंतर उलगडून सांगितलं: अशा प्रयोगांत बहुधा उंदराला आधी औषध देतात, मग कार्बन टेट्राक्लोराइडचा मोजून डोस. लिव्हरमधलं एक एन्झाइम त्या रसायनाचं घातक रूप तयार करतं. एन्झाइम आधीच अडवलं तर उंदीर वाचतो. रोज थोडंथोडं डीएमएफ अंगात जाणाऱ्या माणसाबद्दल त्यातून काहीच सिद्ध होत नाही.

“हॉस्पिटलातही लिव्हर वाचवायचं औषध देतातच की,” हे त्याचं दुसरं अस्त्र. देतात, पण पॅरासिटामॉलचा अतिडोस झाल्यावर. तेव्हा एन-अॅसिटिलसिस्टीन लिव्हरमधलं संपत आलेलं ग्लुटाथायोन (विष निष्प्रभ करणारा शरीरातलाच पदार्थ) भरून काढतं आणि पहिल्या 8 तासांत दिलं तर सर्वांत उपयोगी पडतं. तो एका ठरावीक विषावरचा उतारा आहे. कुठल्याही केमिकलवर चालेल अशी ढाल नव्हे.

संताप येतो तो सुपरवायझरचा. एक्झॉस्ट बंद पडल्याची तक्रार केली की म्हणायचा, “कॅप्सूल घेताय ना, मग पंख्याचं काय घेऊन बसलात?” हातमोजेही वेळेवर बदलून मिळेनात.

पुढे काहींना थोडी दारू घेतली तरी चेहरा लालबुंद व्हायला लागला. डीएमएफ अंगात जात असल्याची ही ओळखीची खूण. विक्रेत्याचं उत्तर तयार: “विष बाहेर पडतंय, डोस दुप्पट करा.” रक्ततपासणीत एसजीपीटी, म्हणजे लिव्हरला इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम, वाढलेलं निघालं. डॉक्टरांनी कॅप्सूल आधी बंद करायला लावल्या, कारण वनस्पतींचे अर्कसुद्धा लिव्हरला इजा करू शकतात आणि लेबलवर प्रमाणच नसल्यावर दोष कुणाचा हे कळणार कसं? त्या विभागातून हलवल्यावर आकडे उतरले.

विक्रेत्याचा फोन बंद आहे. पक्कं बिल कुणाकडेच नाही, त्यामुळे तक्रारीला आधार फक्त बाटल्यांचा. असा कुणी आला तर आधी बिल मागा आणि विचारा, ही चाचणी तुमच्या केमिकलवर, माणसांत झाली आहे का?