पंधरा वर्षांची जीप: काम करून ठेवायची की विकून टाकायची?

आमची डिझेल फोर बाय फोर जीप मार्च २०११ची. काटोलकडच्या संत्र्याच्या बागेत जायला घेतली आणि नागपूर ते बाग हे साठेक किलोमीटर तिने पंधरा वर्षं इमानाने केले. आता एकदमच तीन गोष्टी समोर आल्या. मिस्त्रीने १ लाख ६० हजारांचं काम सांगितलं, ओळखीतल्या एकाने 'जशी आहे तशी' ३ लाख २५ हजारांना मागितली, आणि नोंदणीची मुदत भरत आली. अंबाझरीजवळ राहणाऱ्या माझ्या साडूभाऊंकडेही त्याच वर्षाची, तशीच जीप आहे. महिनाभर आम्ही दोघं दोन्ही गाड्यांचा हिशेब शेजारी शेजारी मांडून बसलो. शेवटी निर्णय उलटे निघाले, आणि दोन्ही बरोबर आहेत असं मला मनापासून वाटतं.

घरात पहिला प्रश्न ठरलेला असतो: 'सव्वातीन लाखांच्या गाडीला दीड लाखाचं काम कोण करतं?' हा प्रश्न विकणाऱ्याने विचारायचा. ज्याला गाडी ठेवायची आहे त्याने वेगळं विचारावं: ही गेली तर हेच काम करणारी दुसरी गाडी केवढ्याला पडेल? पण त्या हिशेबाच्याही आधी गाडीखाली जाऊन या.

आधी चेसिस

विदर्भात एक गोष्ट आपल्या बाजूची आहे. इथे समुद्राची खारी हवा नाही, त्यामुळे कोकणात वाढलेल्या गाडीपेक्षा नागपूरच्या गाडीचा पत्रा जास्त टिकतो. पण काळी माती तिचा वाटा घेतेच. पावसाळ्यात पांदणीचा चिखल चेसिसच्या, म्हणजे गाडीखालच्या लोखंडी सांगाड्याच्या, कोपऱ्यांत बसतो, वरून सुकल्यासारखा दिसतो आणि आत आठवडा-आठवडा ओल धरून ठेवतो. गंज तिथूनच सुरू होतो.

गाडी आधी प्रेशरने धुऊन घ्या, दोन दिवस वाळू द्या, मग रॅम्पवर चढवून लहान हातोडी घ्या. मागचे कमान-पाटे जिथे टांगलेले असतात ते हँगर, बॉडी जिथे चेसिसवर बसते त्या जागा, डिझेल टाकीच्या वरचा भाग आणि मागचा आडवा क्रॉस मेंबर, एवढं ठोकून बघा. खणखणीत आवाज आला तर लोखंड शाबूत आहे. बद्द आवाज आला तर स्क्रूड्रायव्हर लावून दाबा. टोक आत गेलं तर तिथे लोखंड उरलेलं नाही. खालून नुकताच काळा जाड लेप मारलेला असेल तर जास्तच बारकाईने बघा, कारण लेपाखाली छिद्रं झाकली जातात. चेसिस नंबर स्पष्ट वाचता येतो का तेही याच वेळी पाहून घ्या. नोंदणी नूतनीकरणाच्या तपासणीत तोच बघतात.

बॉडीचा पत्रा, पायाखालचं फ्लोअर, दाराच्या खालच्या कडा ही कामं होतात. चांगला वेल्डर नवा पत्रा बसवून देतो. हँगरपाशी चेसिस सडलं असेल तर मात्र माझं मत पक्कं आहे: ठिगळ लावून ती गाडी माणसं बसवून चालवू नये. तिथे दुरुस्तीचा विचार थांबवावा.

माझ्या गाडीत फ्लोअर दोन ठिकाणी गेलं होतं, चेसिस सगळीकडे खणखणीत वाजलं. साडूभाऊंच्या गाडीची गोष्ट निराळी. २३ सप्टेंबर २०२३च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीचं पाणी वस्त्यांत शिरलं, तेव्हा ती सीटपर्यंत बुडाली होती. नंतर चालू झाली, पण वायरिंगचे जोड हिरवे पडले आहेत आणि दर पावसाळ्यात नवीन काहीतरी बंद पडतं. बुडालेल्या गाडीचं वायरिंग पूर्ण बदललं नाही तर हा त्रास संपत नाही, आणि पूर्ण बदलायचा खर्च इंजिनकामाच्या जवळ जातो.

इंजिन आणि फोर बाय फोर

इंजिन चालू असताना ऑइलचं झाकण काढा. धूर भकाभका येत असेल तर इंजिन बॅक मारतंय, म्हणजे रिंगा-पिस्टनचं काम आलं. मे महिन्यातल्या दुपारी सीताबर्डीच्या गर्दीत अर्धा तास एसी लावून चालवा. तापमानाचा काटा तिथे जागेवर राहिला तर रेडिएटर आणि हेड गॅस्केट चांगले आहेत असं समजायला हरकत नाही. डिफ्रन्शियलचं, म्हणजे चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरच्या डब्याचं, ऑइल काढून बघा. दुधाळ दिसलं तर नाला ओलांडताना आत पाणी गेलं आहे.

आणि स्वतःला एक विचारा: फोर-लो, म्हणजे चारही चाकांना जोर देणारा सगळ्यात हळू गिअर, शेवटचा कधी टाकला होता? तीन वर्षांत एकदाही नसेल, तर जे यंत्र तुम्ही वापरतच नाही त्याच्या क्रॉस, हब आणि बेअरिंगवर पैसे घालता आहात. मी जुलै ते सप्टेंबर जवळजवळ दर आठवड्याला टाकतो, नाहीतर बागेपर्यंत पोचताच येत नाही. साडूभाऊंना आठवलंच नाही.

पैशाचा हिशेब

ठेवली तर १ लाख ६० हजारांचं काम पुढच्या पाच वर्षांवर पसरलं की वर्षाला ३२ हजार. जुनी गाडी म्हणून वरचेवर निघणारा जास्तीचा खर्च मी वर्षाला २५ हजार धरतो. झाले ५७ हजार. विकली तर चार-पाच वर्षं वापरलेली फोर बाय फोर थार मला दहा लाखांच्या आसपास सांगितली जाते. सव्वातीन लाख हातात आले तरी ६ लाख ७५ हजार वरून घालावे लागतात. व्याज ९ टक्के धरलं तरी पहिल्या वर्षाचं व्याजच ६० हजार ७५० होतं, आणि तिची किंमत दरवर्षी उतरणार ती वेगळी. विम्यात फारसा फरक नाही: १,५०० सीसीच्या वरच्या खासगी गाडीचा थर्ड पार्टी हप्ता जून २०२२पासून ७,८९७ रुपये अधिक जीएसटी आहे, गाडी जुनी असो वा नवी.

म्हणजे पैशाने पारडं किंचित ठेवण्याकडे झुकतं, पण निर्णय होईल इतकं नाही. निर्णय होतो तो तुमचे किलोमीटर कुठे पडतात यावर. माझे बहुतेक काटोल रोडवर आणि पांदणीत, साठच्या वेगाने. साडूभाऊंची मुलगी छत्रपती संभाजीनगरला शिकते, त्यामुळे महिन्यातून एकदा तरी समृद्धी महामार्ग. तिथे गाड्यांना १२०ची मर्यादा आहे, तासन्‌तास एकाच वेगाने जाणं आहे, आणि आमच्या या जुन्या जिपांना एअरबॅग नाहीत की जोरात ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणारं एबीएस नाही. ऑक्टोबर २०२०मध्ये आलेल्या थारला दोन एअरबॅग आणि एबीएस आहेत, ग्लोबल एनकॅपच्या अपघात-सुरक्षा चाचणीत तिला पाचपैकी चार तारे मिळाले. घरातली माणसं घेऊन महामार्गावर जायचं असेल तर माझ्या हिशेबाने हा एकच मुद्दा बाकी सगळ्यांवर भारी आहे.

कागद

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, नंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण. फॉर्म २५चा अर्ज मुदत संपण्याआधीच्या ६० दिवसांत करायचा. एप्रिल २०२२पासून चारचाकीची फी ५,००० रुपये आहे. २० वर्षांवरच्या गाडीला ऑगस्ट २०२५पासून १०,०००. उशीर झाला तर महिन्याला ५०० रुपये जास्त. पर्यावरण कर वेगळा. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला एचएसआरपी, म्हणजे उच्च सुरक्षा नंबर पाटी लागते. सगळं धरलं तरी ही रक्कम इंजिनकामापुढे लहान आहे.

अडतं ते फेरफारामुळे. मोठे टायर, पुढचं लोखंडी गार्ड, बदललेलं इंजिन: मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२नुसार मूळ रचनेत परस्पर बदल चालत नाही. तपासणीला नेण्याआधी गाडी कंपनीने दिली तशी करून घ्या. आम्ही कंपनीचे मूळ टायर बागेतल्या शेडमध्ये जपून ठेवले होते, ते कामी आले.

'डिझेल दहा वर्षांनी बंद' असं कोणी सांगितलं तर घाबरून विकू नका. तो निर्बंध दिल्ली आणि तिच्या आसपासच्या राजधानी क्षेत्राचा (एनसीआर) आहे, नागपूरला लागू नाही. ही भीती घालून भाव पाडणारे मला दोघं भेटले.

विकायचं ठरलं तर

विकण्यासाठी इंजिनकाम करू नका, ते पैसे परत येत नाहीत. घेणारा आपल्याच मिस्त्रीवर विश्वास ठेवतो. कागद मात्र पूर्ण करून विका. साडूभाऊंना मुदत संपत आलेल्या गाडीचे २ लाख ४० हजार सांगितले होते, नूतनीकरणानंतर त्याच माणसाने २ लाख ८५ हजार कबूल केले. पुरात बुडाल्याचं त्यांनी पहिल्याच भेटीत सांगून टाकलं होतं, तरीही.

फॉर्म २९ आणि ३० भरून, कर्जाची नोंद असेल तर फॉर्म ३५ देऊन, नाव बदललेलं स्वतः बघा. सर्वोच्च न्यायालयाने २०१८मध्ये स्पष्ट केलं आहे की नोंदीवर ज्याचं नाव, अपघाताची जबाबदारी त्याची. 'नाव नंतर करून घेतो' म्हणणाऱ्याला किल्ली देऊ नका.

चेसिसच गेलेलं असेल तर अधिकृत स्क्रॅप केंद्र. कबाडी कदाचित जास्त देईल, पण केंद्राच्या ठेव प्रमाणपत्रावर, म्हणजे गाडी जमा केल्याच्या दाखल्यावर, नव्या खासगी गाडीच्या करात सवलत मिळते आणि जुनी नोंद रीतसर रद्द होते.

साडूभाऊंची जीप रामटेककडच्या एका शेतकऱ्याने घेतली. वायरिंग तो नव्याने करणार आहे. माझी सोमवारी नागपूरजवळच्या वाडीच्या गॅरेजला जाते आहे. पहिल्या टप्प्यात नोझल, क्लच आणि फ्लोअरचा पत्रा, दुसऱ्यात पुढचे लोअर आर्म. मृग लागायच्या आत ती बागेत उभी हवी, असं मिस्त्रीला सांगून ठेवलं आहे.