फोंडाघाटात दम सोडणारी पिकअप: 14 महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

2014 सालची, कॉमन रेल डिझेल इंजिनाची (म्हणजे जास्त दाबाचे डिझेल रेल नावाच्या एकाच नळीत साठवून तिथून सर्व सिलिंडरना पुरवणाऱ्या इंजिनाची) ही पिकअप मी सेकंडहँड घेतली, त्याला आता 14 महिने झाले. वजन किती घेते, मायलेज किती देते हे ही गाडी वापरणाऱ्या सर्वांना ठाऊकच आहे. मला लिहायचे आहे ते एकाच दुखण्याविषयी, कारण त्यापायी माझा आंब्याचा निम्मा हंगाम वाया गेला.

देवगडहून 50 पेट्या भरून राधानगरीमार्गे कोल्हापूरला निघालो की सपाटीवर गाडी निर्धास्त चालत असे. फोंडाघाटाच्या चढाला लागल्यावर मात्र इंजिन अडखळू लागे, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबूनही गाडी ओढत नसे आणि दुसऱ्या गिअरमध्येही झटके मारी. कडेला घेऊन पाच-दहा मिनिटे थांबले की पुन्हा दोन वळणे नीट चढे. आंब्याच्या पेट्या उन्हात तापत असताना घाटात असे थांबण्याची वेळ माझ्यावर सहा वेळा आली.

प्रथम डिझेल फिल्टर बदलला, तेव्हा आठ दिवस बरे गेले आणि मी निश्चिंत झालो. नवव्या दिवशी तेच झाले. मग गाडी मोठ्या वर्कशॉपमध्ये नेली. तिथे स्कॅनरवर P0087, म्हणजे रेलमधील दाब कमी पडत असल्याचा कोड दिसला आणि त्यावरून हाय प्रेशर पंप (रेलमध्ये दाबाने डिझेल भरणारा) व चारही इंजेक्टर (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे) बदलण्याचा 62,000 रुपयांचा अंदाज माझ्या हाती ठेवण्यात आला. कोड खोटा नव्हता, पण दाब कमी पडतो एवढेच तो सांगतो. पंप झिजला म्हणून पडतो की पंपापर्यंत डिझेलच पोहोचत नाही म्हणून, हे तो सांगत नाही. पंपाच्या अलीकडची, म्हणजे टाकीपासून पंपापर्यंतची बाजू तपासली का, असे मी तीनदा विचारले. तपासणीसाठीही पंप उतरवावा लागेल, एवढेच उत्तर मिळाले. या वागणुकीचा मला आजही राग आहे. 62,000 रुपये म्हणजे माझ्या दोन महिन्यांच्या फेऱ्यांची कमाई आहे, आणि ती केवळ अंदाजावर खर्च करायला कोणी सांगू नये.

गाडी परत आणली आणि गावातल्या, जुन्या ट्रकवर हात बसलेल्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “धूर कसला येतो?” काळा धूर येत असेल तर हवा कमी पडते, म्हणून टर्बोचा (इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्याचा) होस, म्हणजे रबरी नळी, किंवा एअर फिल्टर पाहायचा; धूर न येता गाडी दम सोडत असेल तर डिझेल कमी पडते, असे त्यांचे म्हणणे. माझ्या गाडीला धूर नव्हता. त्यांनी फिल्टर आणि पंप यांच्यामध्ये वीतभर पारदर्शक नळी बसवली आणि इंजिनाचा वेग वाढवला. नळीतून आधी सोनेरी डिझेल सलग वाहताना दिसले, मग मोहरीएवढे बुडबुडे आले, आणि पाहता पाहता ते एकमेकांना मिळून बोटाच्या पेराएवढी हवेची पोकळी नळीतून पुढे सरकली. त्याच क्षणी इंजिन अडखळले. गाडी एअर घेत होती. टाकीपासून पंपापर्यंत डिझेल ओढले जात असल्यामुळे तिथे भोक पडले तर डिझेल बाहेर गळत नाही, उलट हवा आत शिरते. म्हणूनच गाडीखाली कधी एक डागही दिसला नव्हता.

टाकीकडचा रबरी होस कडक होऊन क्लिपजवळ चिरला होता. तो बदलला आणि दुखणे संपले, असे मी सर्वांना सांगूनही टाकले. ते चुकीचे ठरले. झटके कमी झाले, पण टाकी अर्ध्याखाली गेली की ते परत येत. तेव्हा मिस्त्रींनी पाच लिटरचा डिझेलचा कॅन हौद्यात घट्ट बांधला, फिल्टरकडे जाणारी आणि परतीची अशा दोन्ही नळ्या त्यात सोडल्या आणि भरलेली गाडी चढावर घातली. एकही झटका बसला नाही. म्हणजे पंप निर्दोष होता, इंजेक्टर निर्दोष होते, आणि दोष टाकीच्या आतच होता.

टाकी उतरवल्यावर डिझेल ओढणाऱ्या लोखंडी नळीला मध्यावर गंजून पडलेले, टाचणीच्या टोकाएवढे छिद्र सापडले. टाकी भरलेली असताना ते बुडालेले राही आणि त्यातून डिझेलच ओढले जाई. पातळी खाली गेली की तेच छिद्र हवा ओढी. मी एका वेळी 1,500 रुपयांचेच डिझेल भरतो. गाडी विकणाऱ्याने दोष लपवला, असे मी इतके दिवस मानत होतो. पण ते नेहमी टाकी फुल्ल ठेवत, त्यामुळे त्यांना हे कदाचित कधीच जाणवले नसेल. त्यांना फोन करून मी माझे शब्द मागे घेतले.

नळी, होस, क्लिपा आणि मजुरी मिळून 2,850 रुपये लागले. त्यानंतर पावसाळा गेला, हिवाळा गेला आणि या हंगामात घाटातून 11 फेऱ्या झाल्या. पाव टाकीवरही गाडी न अडखळता दाजीपूरपर्यंत चढते. एक तक्रार मात्र कायम आहे: या नळीपर्यंत पोहोचण्यासाठी हौद्यात हातभर झाकण ठेवले असते, तर 45 लिटरची टाकी खाली उतरवावी लागली नसती. पारदर्शक नळी तपासणीनंतर लगेच काढून जागेवर डिझेलचा होस बसवला आहे, कारण साधे प्लॅस्टिक डिझेलने कडक होऊन तडकते. ती नळी धुऊन मी सीटखाली ठेवली आहे.