जुन्या संगणकाचा आवाज परत मिळाला : विश्रामबाग, सांगली

माझा 2007 साली असेंबल करून घेतलेला संगणक मी अजून जपला आहे, तो केवळ त्याच्या मागच्या निळ्या लाइन-इनसाठी, म्हणजे टेपडेकचा आवाज थेट आत घेणाऱ्या खोबणीसाठी. वडिलांनी घरच्या बैठकींत टेप केलेल्या नाट्यपदांच्या कॅसेटी मला संगणकावर उतरवून घ्यायच्या आहेत. लॅपटॉपला हेडफोन-माइकची एकच खोबण असते. ती माइकच्या क्षीण, मोनो आवाजासाठी असल्यामुळे टेपडेकचा जोरकस स्टिरिओ आवाज तिच्यात फाटतो.

हार्ड डिस्क बदलून विंडोज एक्सपी नव्याने टाकल्यावर आवाज बंद झाला. ते काम केलेल्या दुकानाने ड्रायव्हर (यंत्राचा एखादा भाग विंडोजला चालवता यावा म्हणून लागणारे सॉफ्टवेअर) आपोआप शोधणारे एक फुकटचे सॉफ्टवेअर टाकून पाहिले, त्यातून जाहिरातींखेरीज काही निघाले नाही, आणि अखेर साउंड कार्ड जळाले आहे, नवीन मशीन घ्या, असे सांगून मला परत पाठवले. त्या उत्तराचा मला फार त्रास झाला. मग मी विश्रामबागमधील या दुकानात आलो.

येथील तंत्रज्ञाने विचारले, ‘‘काका, आवाज नुसता ऐकायचाय का रेकॉर्ड पण करायचाय?’’ हा प्रश्न आधी कोणी विचारलाच नव्हता. त्यांनी डिव्हाइस मॅनेजरमधील (विंडोजमधील हार्डवेअरच्या यादीतील) पिवळ्या प्रश्नचिन्हावरून हार्डवेअरचा क्रमांक काढला : 8086 म्हणजे इंटेल आणि 27डी8 म्हणजे आयसीएच7 चिपमधील हाय डेफिनिशन ऑडिओ कंट्रोलर. नंतर झाकण उघडून, ब्रशने धूळ झाडून, बॅटरीच्या उजेडात मदरबोर्डवरच्या नखाएवढ्या चौकोनी चिपवरील अक्षरे मलाच वाचायला लावली : रिअलटेक, एएलसी662. आवाजाची चिप मदरबोर्डवरच होती, जळायला वेगळे कार्ड मुळात नव्हतेच. शिवाय आधीच्या दुकानाने एसी’97 या जुन्या पद्धतीचा ड्रायव्हर चढवून ठेवला होता, जो या चिपला चालतच नाही.

सर्व्हिस पॅक 2 (मायक्रोसॉफ्टचा सुधारणांचा संच) असलेल्या एक्सपीला हाय डेफिनिशन ऑडिओची बस, म्हणजे आवाजाची चिप ज्या जोडणीवर असते ती, आपणहून ओळखता येत नाही, म्हणून त्यांनी आधी मायक्रोसॉफ्टचा केबी888111 हा बस ड्रायव्हर टाकला, संगणक पुन्हा सुरू केला आणि मगच रिअलटेकचा ड्रायव्हर चढवला. सगळी गोम या क्रमात होती. पुढच्या हेडफोनच्या जॅकमधून मात्र आवाज येईना. कॅबिनेटची वायर जुन्या पद्धतीची असल्यामुळे रिअलटेकच्या पॅनलमध्ये फ्रंट पॅनल जॅक डिटेक्शन (पुढच्या जॅकला काही जोडले आहे का हे तपासणे) बंद करताच तोही सुरू झाला.

काम एवढ्यावर संपवता आले असते. त्यांनी मी सोबत नेलेला डेक निळ्या जॅकला जोडला, रेकॉर्डिंगच्या खिडकीत माइकऐवजी लाइन-इन निवडले आणि दोन मिनिटे रेकॉर्ड करून हेडफोन माझ्या कानाला लावले. ऑर्गनच्या मागे वडिलांची ‘वा’ ही दाद स्पष्ट ऐकू आली. एक्सपीचा सपोर्ट, म्हणजे मायक्रोसॉफ्टकडून येणारे सुरक्षेचे अपडेट, 8 एप्रिल 2014 रोजी संपला असल्याने या मशीनला इंटरनेट जोडू नका, फाइली पेनड्राइव्हने न्या, हेही त्यांनी बजावले.

त्यांनी 400 रुपये घेतले, ते मला रास्त वाटले. काम करणारी व्यक्ती एकच असल्यामुळे संगणक दोन दिवस ठेवावा लागतो. दोन्ही ड्रायव्हर सीडीवर मला मागून घ्यावे लागले. ते त्यांनी न मागता द्यायला हवेत. दुकान पहिल्या मजल्यावर असून जिना अरुंद आहे, तेव्हा टॉवर उचलायला सोबत कोणीतरी न्यावे.